हायड्रोजन ठीक, पण पाणी कुठून आणणार?

संपादक महोदय,
ग्रीन हायड्रोजनबद्दल, म्हणजे सौर-पवन विजेने पाणी फोडून काढलेल्या हायड्रोजनबद्दल, हल्ली सारखं काहीतरी छापून येतं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादन, केंद्राचं १९,७४४ कोटींचं मिशन वगैरे, वाचून बरं वाटतं. पण एक किलो हायड्रोजनला साधारण ५०-५५ युनिट वीज लागते आणि नुसत्या रसायनशास्त्राच्या हिशोबानेच ९ लिटर पाणी, तेही शुद्ध केलेलं, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून जास्तच. आमच्याकडे मे महिन्यात टँकर आला की बायामाणसं हंडे घेऊन धावतात, आणि ऊन भरपूर आहे म्हणून उद्या प्लांटही इथंच टाकू म्हणाले तर? त्यापेक्षा किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोडं करून वापरा ना, वीज काय, तारेतून जाते.

अजून एक, जो तो हायड्रोजनच्या गाड्यांचंच बोलतो. विजेपासून हायड्रोजन, मग गाडीत त्याची परत वीज, यात निम्मीअधिक वाया जाते, सरळ बॅटरी चार्ज केलेली परवडली. खरी गरज रिफायनरी आणि खत कारखान्यांना, तिथं हायड्रोजन अजून नैसर्गिक वायूतूनच काढतात. माझ्या पडवीत डीएपी खताच्या चार गोण्या आहेत, त्यासाठी लागणारा अमोनिया हायड्रोजनपासूनच करतात, तोही बहुतेक तसाच बनलेला. आधी तिथला हायड्रोजन बदला, गाड्यांचं नंतर बघू.

– एक शेतकरी वाचक, धाराशिव