स्मरणिकेसाठी छायाचित्रे पाठवण्यापूर्वी

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, स्मरणिकेसाठी आलेल्या छायाचित्रांपैकी गोव्यातील माशेलच्या चिखलकाल्याचे (चिखलात खेळण्याच्या उत्सवाचे) एकच छायाचित्र तिघांनी स्वतःचे म्हणून पाठवले असून, त्याच्या उजव्या कोपऱ्यात कापून टाकलेल्या नावाची दोन अक्षरे अजूनही दिसतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारी व्यक्ती; त्यामुळे ते आपल्या व्हॉट्सॲपवर आले, किंवा त्यात आपण स्वतः चिखलाने माखलेले दिसतो, एवढ्याने हक्क आपला होत नाही. मात्र लग्नामुंजीत मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्रांचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, काम सांगणाऱ्याकडे जातो. हे पुष्कळांना, छायाचित्रकारांनाही, ठाऊक नसते.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नसल्याने मूळ फाइल हाच हाताशी असलेला चांगला पुरावा होय. व्हॉट्सॲपवरून नेहमीप्रमाणे पाठवल्यास तारीख व कॅमेऱ्याचा तपशील गळून पडतो, म्हणून ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. छायाचित्र दुसऱ्याने काढलेले असल्यास त्याची लेखी परवानगी जोडावी.

वरील तिन्ही सभासदांनी मूळ फाइल घेऊन भेटावे; तोपर्यंत ते छायाचित्र छापले जाणार नाही.

— चिटणीस