चाबकाची साखळी आणि लाकडाचे सांधे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तू विकत घ्यायचं म्हणून फोटो पाठवलास ते चित्र अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरचं ‘स्नॅप द व्हिप’, म्हणजे चाबूक फटकारणं, हे एका खेळाचं नाव. तैलचित्र १८७२चं, हे छापील रूप ‘हार्पर्स वीकली’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या २० सप्टेंबर १८७३च्या अंकात जोडपानभर आलं. घ्यायच्या आधी थोडं ऐक.

पहिल्यांदा खेळ बघ. पोरं हातात हात धरून पळतात, एका टोकाची पाय रोवतात, रांग गर्रकन वळते. शेवटच्याला तेवढ्याच वेळात सगळ्यांत मोठं वर्तुळ कापायचं असतं, आणि धरायला एकच हात! तो उडून गवतात पडणारच. उलट रोवलेल्या टोकाच्या हातावर अख्ख्या रांगेचा ओढा येतो, म्हणून उजवीकडची पोरं एवढी मागे रेललीत. कितीतरी अनवाणी आहेत, आणि मागे शाळा. मधल्या सुट्टीचा खेळ आहे हा.

आता छपाई. हे कोरलेल्या लाकडी ठोकळ्यांवरून छापलेलं चित्र. त्यासाठीच्या बॉक्सवुड या टणक लाकडाचं खोड बारीक, त्यामुळे आडवा काप घेतला की ठोकळा लहानच मिळतो. जोडपानासाठी असे बरेच ठोकळे मागून बोल्टने आवळायचे. वरच्या पांढऱ्या थरावर चित्र उलटं काढायचं, सांध्यांवरून जाणाऱ्या रेघा आधी कोरायच्या, मग ठोकळे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटायचे. हात बदलला तरी गवताची रेघ बदलता कामा नये, खरी कसोटी तिथेच. कोरलेला भाग कागदावर पांढरा उमटतो, उरलेला काळा. करडेपणा फक्त रेघांच्या दाटीतून येतो. छापताना मूळ लाकडाऐवजी त्यावरून केलेला तांब्याचा ठसा वापरत, नाहीतर लाखभर प्रतींत लाकूड झिजलं असतं. पुन्हा आवळताना ठोकळे किंचित सरकले, की केसाएवढी सरळ पांढरी रेघ राहते. आकाशातल्या समांतर रेघांत ती पटकन सापडते, गवतात लपते.

तो सांधा दिसला म्हणून हुरळू नकोस, नव्या नकलेतही तो येतोच. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ती ऑफसेटची, म्हणजे आधुनिक यांत्रिक छपाईची नक्कल, सोडून दे. मधोमध घडी हवी, पाठीवर अंकाचा मजकूर हवा. रंग मात्र नंतर कोणीतरी हाताने भरलेला, साप्ताहिकात हे काळ्या शाईतच छापलं होतं. रंगाचे जास्त पैसे देऊ नकोस. विकणाऱ्याकडून पाठीचा फोटो मागव आणि मला पाठव.

तुझा,
विनायक