गळाला लागलेलं अनोळखी पिल्लू

माउंट व्हर्नन, वॉशिंग्टन
सप्टेंबर अखेर

प्रिय मित्रा,

पुढच्या मोसमात तू इकडे येणार हे वाचून फार आनंद झाला. स्कॅजिट नदीवर आपण मिळून गळ टाकू. पण त्याआधी एक गोष्ट तुला नीट कळायला हवी, म्हणून हे लांबलचक पत्र.

गेल्या आठवड्यात मी सागरी कटथ्रोट ट्राउट या माशाच्या मागे होतो. नदीला फुटलेला एक संथ फाटा आहे, काठाची झाडं पाण्यात आडवी पडलेली. तिथल्या ओंडक्याच्या सावलीतून काहीतरी झेपावलं आणि माझी छोटी फ्लाय, म्हणजे गळावरचा खोटा किडा, घेतली. ओढ एवढीशी, पण मासा चिडलेला. जाळीत घेतला तर जेमतेम माझ्या मधल्या बोटाएवढा. कुशीवर उभे गडद पट्टे, कुणी शाईची बोटं टेकवल्यासारखे. इकडे त्यांना पार मार्क म्हणतात. ट्राउटचं पिल्लू असेल असं पहिल्यांदा वाटतंच, कारण या वयात ट्राउट काय, सॅल्मन काय, सगळ्यांच्याच अंगावर हे पट्टे असतात. गुलाबी सॅल्मन तेवढा अपवाद.

अशा वेळी रंगावर जाऊ नकोस. रंग पाण्यानुसार, उजेडानुसार बदलतो. पर बघ.

पहिला बघायचा तो पोटाखालचा, शेपटीच्या अलीकडचा पर. पॅसिफिक सॅल्मनच्या या परात 13 किंवा जास्त काड्या असतात, ट्राउटच्या परात 8 ते 12. वळवळत्या पिल्लाच्या काड्या मोजत बसणं शक्य नसतं, पण सॅल्मनचा हा पर बुडाशी लांब पसरलेला दिसतो, ट्राउटचा आखूड, आणि एकदा दोन्ही पाहिले की फरक डोळ्यांत बसतो. माझ्या माशाचा पर लांब तर होताच, शिवाय पुढच्या काड्या मागच्यांपेक्षा बऱ्याच वाढलेल्या, त्यामुळे मागची कड आत वळलेली. पुढच्या कडेला स्वच्छ पांढरी रेघ आणि तिला लागूनच काळी. परांवर आणि शेपटीवर नारिंगी झाक. जाळी पाण्यातच तिरकी धरली तेव्हा ती पांढरी रेघ इतकी लख्ख उठून दिसली की मी क्षणभर बाकी सगळं विसरलो.

कोहो! कोहो जातीच्या सॅल्मनचं पिल्लू.

तरी चिनूक या दुसऱ्या सॅल्मनची शक्यता तपासली. पाठीवर शेपटीजवळ एक छोटा मांसल पर असतो, ॲडिपोज फिन. कोहोच्या पिल्लात तो सगळा सारखा काळपट असतो. चिनूकचा कडेला गडद, पण मध्ये पारदर्शक. याचा पूर्ण काळपट होता. पट्टेही अरुंद, मधल्या जागा पट्ट्यांपेक्षा रुंद. चिनूकचे पट्टे जाड असतात. मात्र हॅचरीतल्या, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रातल्या, पिल्लांचा पाठीवरचा हा मांसल पर बहुतेक वेळा कापलेला असतो, म्हणून सगळी भिस्त त्यावर ठेवू नकोस.

कॅलेंडरही मदतीला येतं. गुलाबी आणि चम सॅल्मनची पिल्लं नदीतळाच्या खड्यांतून वर आली की लवकरच समुद्राकडे निघतात. सप्टेंबरात ती नदीत सापडत नाहीत. सॉकाय सॅल्मनची पिल्लं बहुधा तळ्यात वाढतात. चिनूकची बरीचशी पिल्लं काही महिन्यांतच खाली उतरतात, थोडी वर्षभर राहतात. कोहो मात्र साधारण वर्षभर किंवा त्याहून थोडा जास्त काळ नदीतच असतो, तोही अशाच संथ फाट्यांत, पडलेल्या झाडांच्या आडोशाला. आपापली जागा धरून बसतो आणि दुसऱ्याला हुसकावतो. पुढच्या वसंतात त्याचे पट्टे पुसट होतील, अंग चंदेरी होईल आणि तो खाऱ्या पाण्यात उतरेल. म्हणून काठाची झाडं साफ करून नदी 'नीटनेटकी' करायची कल्पना मला मुळीच पटत नाही. या पिल्लांचं सगळं घरच ते.

ओळख पटवायची एवढी धडपड का, असं विचारशील. इथल्या प्युजेट साउंड या समुद्रखाडीचा चिनूक 1999 पासून आणि स्टीलहेड (समुद्रात जाणारा ट्राउट) 2007 पासून संघराज्याच्या कायद्याखाली संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहेत. कुठल्या पाण्यात कोणती पिल्लं आहेत हे कळलं, तर तिथे गळ टाकायचा की नाही हे तुला ठरवता येतं. मी त्या फाट्यावरून लगेच उठलो आणि मुख्य प्रवाहाकडे गेलो. एकाच ओंडक्याखालची पिल्लं पुन्हा पुन्हा गळाला लावणं मला मान्य नाही.

आणि हे सगळं बघायचं ते मासा पाण्यात ठेवूनच. हात ओले कर, कारण कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर लागून येतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. मुठीत दाबू नकोस. फोटो हवाच असेल तर जाळी पाण्यात असतानाच एक काढ, पर पसरलेले असताना. हातावर आडव्या घेतलेल्या माशाचे पर मिटतात आणि ज्यासाठी फोटो काढला तेच दिसत नाही. पाणी कोमट वाटलं तर त्या दिवशी गळ टाकूच नकोस.

येताना चपट्या तोंडाची छोटी पक्कड आण, गळाचा उलटा काटा आधीच दाबून टाकू. तारखा पक्क्या झाल्या की कळव. नदीचा कुठला भाग मासेमारीला कधी खुला आहे ते इथे मोसमाच्या मध्यातही बदलतं, त्यामुळे तू निघण्याच्या आदल्या दिवशी मी नियम पुन्हा बघून तुला फोन करीन.

तुझा,
स्कॅजिटकाठचा मित्र