डूलॉखला एकदा जाऊन ये

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा आयर्लंडहून फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मेयो काउंटीत येऊन दोन वर्षं झाली, पण हॉस्पिटल आणि फ्लॅट सोडून मी काही पाहिलंच नाही." ते मनाला लागून राहिलं, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही आलो होतो तेव्हा तुझ्या सलग ड्युट्या होत्या. शेजारच्या आजोबांनी आम्हाला हौसेने फिरवलं. न्यूपोर्टला भाड्याची सायकल घेऊन मी मलरॅनीपर्यंत 18 किलोमीटर गेलो. 1937 साली बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवरून ती वाट जाते, त्यामुळे चढ फारसा लागत नाही, माझ्या गुडघ्यांनाही झेपलं. डावीकडे क्लू बेमधली बेटं, उजवीकडे मेंढ्या. आपल्या मेंढ्या ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या पाठीवर निळ्या-लाल रंगाचे पट्टे ओढलेले. रविवारची सुट्टी मिळाली की तू आधी हे कर. मोकळ्या वाऱ्यावर थकवा उतरतो.

पण मला खरं सांगायचंय ते डूलॉखबद्दल. लुईसबर्गहून दक्षिणेला निघालं की दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात आणि मधे काळंशार तळं लागतं, तेच डूलॉख. बटाट्याच्या दुष्काळात, मार्च 1849 च्या अखेरीस, उपाशी माणसं मदतीसाठी लुईसबर्गला जमली. त्यांना सांगण्यात आलं, उद्या सकाळी डेल्फीला या. डेल्फी तिथून जवळजवळ 19 किलोमीटर. पोटात काही नसताना, थंडीवाऱ्यात माणसं चालत गेली आणि रिकाम्या हाताने परत पाठवली गेली. किती तरी जण वाटेतच मेले. रस्त्याकडेला त्यांच्या आठवणीसाठी साधा दगडी क्रॉस आहे. त्यावर गांधीजींचं वाक्य कोरलंय: दुसऱ्याच्या अपमानात माणसाला स्वतःचा मान कसा वाटू शकतो, अशा अर्थाचं. इतक्या लांब ते नाव वाचून तुझ्या आईने नकळत हात जोडले.

पुढे किलरीच्या खाडीजवळ आजोबांनी गाडी थांबवली आणि समोरच्या उतारावर बोट दाखवलं. मला आधी नुसतं गवत दिसलं. मग ऊन तिरपं झालं आणि गवताखालून सरळ रेघा वर आल्या, अंगावर वळ उठावेत तशा. ते बटाट्याचे वाफे. 1845 पासून पिकावर रोग पडत गेला, माणसं मेली किंवा जहाजाने निघून गेली, आणि वाफे तसेच राहिले. 1841 साली मेयोत जवळजवळ 3 लाख 89 हजार माणसं होती, दहा वर्षांनी 2 लाख 74 हजार उरली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य इंग्लंडला जातच होतं, हे मला अजून पचत नाही.

तिथे मला तुझी आजी आठवली. बहात्तरच्या दुष्काळात ती आटपाडीजवळ रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. मी दहा वर्षांचा, तिच्याजवळ बसून सुकडी खायचो. हातोडीने तिच्या बोटांना चिरा पडायच्या, संध्याकाळी त्यांत ती तेल भरायची. मी हे आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, आमच्याकडेही दुष्काळी कामांवर बायका-पोरांनी खडी फोडली. नंतर बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही.

म्हणून सांगतो, तू त्या गावात परकी आहेस असं समजू नकोस. तुझ्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या माणसांना या वाफ्यांबद्दल विचारून बघ, मनापासून बोलतील.

क्रोग पॅट्रिकचा डोंगर मला चढवला नाही, तू चढ. 764 मीटर आहे, शेवटचा टप्पा सुट्या दगडांचा. जुलैच्या शेवटच्या रविवारी भाविक चढतात, काही जण अनवाणी. वारी पाहत वाढलेल्या मुलीला ते वेगळं सांगायला नको. तू मात्र बूट घालूनच जा.

डूलॉखला जाशील तेव्हा दुपार कलल्यावर किलरीला थांब. वाफे त्याच वेळी दिसतात. आणि रेनकोट घे, तिथला पाऊस विचारून येत नाही.

तुझा,
बाबा