भिगवणच्या होडीवाल्या दादांना

दादा नमस्कार,

मी ती पुण्याची ताई, जी पहिल्या दिवशी पक्ष्यांचे फोटो काढायला तुमच्या होडीत ट्रायपॉड उघडून बसली होती आणि तुम्ही काही न बोलता नुसतं बघत होतात. हे तुमच्या मुलीने मोबाईलवर वाचून दाखवलं तरी चालेल, फक्त भांडणाचा भाग आला की तिला हळू वाचायला सांगा.

खरं सांगायचं तर त्या हिवाळ्यात मी पार वैतागले होते. लांबचं जवळ आणणारी १५०-६०० एमएमची मोठी लेन्स हप्त्यावर घेतलेली, दर रविवारी पहाटे उठून शंभर किलोमीटरवरचं, भिगवणजवळ उजनी धरणाच्या पाण्याकाठचं कुंभारगाव गाठायचं, हजारभर फोटो काढायचे आणि घरी येऊन मोठे करून बघितले की सगळे मऊ, म्हणजे अस्पष्ट, चित्रबलाक करकोच्याचा डोळा म्हणजे नुसता ठिपका. लेन्सच खराब आहे म्हणून ती दोनदा तपासून आणली, दोन्ही वेळा काही दोष नाही म्हणाले, माझा विश्वासच बसेना. आणि तुम्ही तिसऱ्या खेपेला म्हणालात, "ताई, ते तीन पायाचं कशाला? इंजिन चालू हाय, फळी थरथरतीय, त्येच्यावर तुमचं समदं थरथरतंय की."

एवढं साधं. मी मात्र फोटो जास्त शार्प यावा म्हणून लेन्सचं भोक बारीक, एफ ११ ठेवायचे, फोटोत दाणे नको म्हणून आयएसओ, म्हणजे उजेड पकडायची ताकद, ४०० च्या वर न्यायचे नाही, मग शटरचा वेग पार खाली यायचा आणि हलत्या होडीतून ६०० एमएमने काय डोंबल शार्प येणार! आता भोक मोठं, एफ ६.३, आयएसओ १६००, उडणाऱ्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाच्या १/२००० च्या आसपास आणि फोकसचा एकच पॉइंट डोळ्यावर. हे मी शिकले, पण घरी बसून, तुम्ही खोट दाखवल्यावर.

तुमचं खरं शिकवणं म्हणजे ते गोणपाट. घडी करून होडीच्या काठावर ठेवलंत, म्हणालात ह्याच्यावर टेका आणि खाली बसा. मी आधी उभी राहून वरून फोटो काढायचे, त्यामुळे पक्ष्याच्या मागे कायम तेच मळकट पाणी नाहीतर जलपर्णी. खाली बसल्यावर लेन्स पाण्यापासून जेमतेम दोन वीत वर, मागचा काठ लांब गेला, सगळा धूसर झाला आणि लांब पायांचा शेकाट्या पक्षी एकदम वेगळा उठून दिसायला लागला. कंपोझिशनचे किती व्हिडिओ बघितले होते मी, पण एका गोणपाटाने हात पण स्थिर झाला आणि बॅकग्राउंड पण सुटलं. वर तुम्ही लांबूनच इंजिन बंद करून बांबूने होडी ढकलायचात आणि ती घसरायची थांबली की हळूच "आता" म्हणायचात. माझं बोट त्या "आता"वर बसलंय अजून.

वाऱ्याचं पण तसंच. पट्टकदंब हंसांच्या थव्याला तुम्ही पंधरा मिनिटं लांबून वळसा घातलात, मी मनात म्हणतेय ऊन वाया चाललंय, आणि मग कळलं की पाखरं वाऱ्याकडे तोंड करून उठतात, म्हणून वारा आपल्या पाठीशी पाहिजे. तोवर माझ्याकडे उडत्या पक्ष्यांच्या नुसत्या शेपट्या होत्या! दहानंतर लांबच्या थव्याकडे न्यायला पण तुम्ही साफ नकार द्यायचात, "आता पाणी उकळतंय" म्हणून. तापलेली हवा अशी लहरत असली की कितीही महाग लेन्स असो, फोटो वितळल्यासारखाच येतो, हे पटायला मला एक अख्खा सीझन लागला.

आता भांडण. एप्रिल होता, पाणी इतकं उतरलं होतं की एरवी धरणाच्या पाण्यात बुडालेलं पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलेलं, आणि फ्लेमिंगो चिखलात चोच उलटी घालून खात होते. दुसऱ्या एका होडीने सरळ थव्यात घुसून ते उडवले, त्यातल्या सगळ्यांना पंख पसरलेले गुलाबी फोटो मिळाले, मी म्हटलं आपण पण जाऊ. तुम्ही म्हणालात न्हाय. त्यांना उडायच्या आधी पाण्यावर पळावं लागतं, दम जातो, खाणं मोडतं, एवढंच बोललात आणि बांबू चिखलात रोवून बसलात. मी तोंड फुगवून बसले आणि त्या दिवशी भाड्याच्या वर दर वेळी देते ते काही दिलं नाही. चुकलंच माझं, माफ करा.

कारण तासाभराने तेच पक्षी परत उतरून चालत चालत आपल्याच बाजूला आले. तीन जण, खाली पूर्ण प्रतिबिंब. त्याआधीचे माझे फोटो बघून तुम्ही विचारलं होतंत, "पाय कुठं गेलं ह्येचं?" म्हणून या वेळी खाली जागा सोडली, समोर पण सोडली, ऊन पांढऱ्या पिसांवर होतं म्हणून एक्स्पोजर थोडं उतरवलं.

जानेवारीत दुसऱ्या शनिवारी येतेय. कवड्या धीवराचा, त्या काळ्या-पांढऱ्या खंड्याचा, मोठा प्रिंट काढलाय, तोच जो एका जागी फडफडत थांबला होता आणि तुम्ही "बुडी मारतोय बघा" म्हणालात तेव्हा मान खाली झाली. कोपऱ्यात तुमच्या बांबूचं टोक आलंय, प्रिंटवाला म्हणाला कापू का, मी म्हटलं राहू दे. एप्रिलचे राहिलेले पैसे पण आणते, घ्यायला नाही म्हणू नका. ट्रायपॉड घरीच आहे, गोणपाट तेवढं कोरडं ठेवा.

तुमची,
पुण्याची ताई