सिस्टर अक्का, त्या एका कप चहासाठी

सिस्टर अक्का,

आबांना जाऊन सव्वा महिना झाला. मधल्या खोलीतली त्यांची खाट अजून तिथंच आहे. हलवायला कुणाचा हात होत नाही.

आबांचा सारा जन्म निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेला. गालाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, तरी तो उलटला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फायलीतून मान वर न करता सांगितलं, "घरी न्या, आता करण्यासारखं काही नाही." आबा समोरच बसले होते. ऐकत होते. त्या दिवसापासून ते भिंतीकडं तोंड करून पडायला लागले.

मॉर्फिन चालू होतं, तरी रात्रभर कण्हायचे. आम्हाला वाटायचं, डोस कमी पडतोय. मग तुम्ही घरी आलात. "ऊट आतेन्री, काका?" असं कानडीत जेवणाचं विचारत खाटेच्या कडेला टेकलात आणि मोडक्यातोडक्या मराठीत विचारलंत, "रात्री दुखतंय, का रात्री भ्या वाटतंय?" आबा बराच वेळ गप्प. मग तोंडावरचा टॉवेल दाबून धरत म्हणाले, "माझा वास येतोय. पोरं जवळ येत न्हाईत."

हे आम्हाला माहीत नव्हतं, असं नाही. मीच त्यांचं ताट उंबऱ्यातून आत सरकवत होते.

तुमचा चहा मी बाहेर सोप्यात ठेवला होता. "इथंच आणा, काकांजवळ," म्हणालात. त्या खोलीत कित्येक दिवसांत कुणी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. तुम्ही बशीत ओतून, फुंकर मारत, सावकाश सगळा चहा प्यालात. आबा कूस बदलून तुमच्याकडं बघत राहिले.

जखमेवर मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड टाकायला शिकवलीत, वास उतरला. लंडनच्या सिसिली सॉन्डर्सबाईंनी १९६७ मध्ये हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या माणसांची शेवटपर्यंत काळजी घेणारं घर काढलं, अंगाचं, मनाचं, घरादाराचं, देवाधर्माचं दुखणं वेगळं काढता येत नाही असं त्या म्हणायच्या, हेही तुम्हीच सांगितलंत. मला ते समजलं त्या बशीवरून. इथं सीमाभागात पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर जातात. तुम्ही कानडी, आबा मराठी, आणि त्यांच्या मनातलं पहिल्यांदा कळलं ते तुम्हाला.

शेवटच्या आठवड्यात माझी धाकटी त्यांच्या खाटेवर बसून चुरमुरे खायची. आबा तिच्या फ्रॉकवर सांडलेले एकेक वेचत बसायचे.

अक्का, या बाजूला आलात तर घरी या. चहा मधल्या खोलीतच देईन.