भांडण अस्रच्या वेळेचं नव्हतंच

महोदय,

रमजान जवळ आला की कोकणातल्या मुस्लिम वस्त्यांत मशिदीला रंग लागतो, मुंबईकर आणि आखातातली मंडळी चंदा पाठवतात, आणि वर्षभर दबून असलेली जमातीची (गावच्या मुस्लिम समाजाची) भांडणं नेमकी तेव्हाच उफाळतात. उर्दू शाळेत मास्तरकी करताना बदलीच्या बऱ्याच गावांत मी हे पाहिलं. तरी लिहिते आहे ते माझ्या माहेरच्या गावाबद्दल.

तिथलं भांडण अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजावरून झालं, असं सगळे सांगतात. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या एका परंपरेचे. वस्तूची सावली वस्तूएवढी लांब झाली की आमची अस्र सुरू होते. नवे मौलाना बिहारचे, दुसऱ्या म्हणजे हनफी परंपरेचे. त्यांच्याकडे सावली दुप्पट व्हावी लागते, म्हणजे सुमारे तासाभराचा फरक. त्यांनी अजान पुढे ढकलली आणि एकाच मशिदीत अस्रच्या दोन जमाती (सामूहिक नमाजाच्या) उभ्या राहू लागल्या, आधी पडवीत शाफई वेळेवाल्यांची, मग आत मौलानांच्या मागे. वजूच्या हौदावर शेजारी शेजारी बसून हात धुणारी माणसं एकमेकांना सलाम करीनात.

खरं दुखणं वेगळं होतं. मशिदीच्या रस्त्याकडच्या गाळ्यांचं भाडं कुठे जमा होतं आणि मिनारासाठी कुवेतहून आलेल्या पैशांचं काय झालं, हे काही तरुण विचारत होते. मशिदीची कमिटी हिशेब दाखवीना. पैशांवरून भांडणं बरं दिसत नाही, धर्मावरून भांडलं की बरं दिसतं. मौलाना बिचारे मधल्यामध्ये सापडले. त्यांचा पगारसुद्धा थकला.

मग कमिटीने हिशेब मागणाऱ्या घरांना वाळीत टाकलं. लग्नाला जमातीच्या देगी (स्वयंपाकाची मोठी भांडी) द्यायच्या नाहीत, निकाहाची वही द्यायची नाही, मय्यतीला कुणी जायचं नाही. ठराव पुरुषांनी केला, तो निभावणं बायकांच्या वाट्याला आलं. माझ्या चुलत बहिणीच्या मुलीचा निकाह शेजारच्या गावच्या वहीत नोंदवावा लागला. देगी भाड्याने आणल्या, आणि मेहंदीच्या रात्री सख्ख्या शेजारणी खिडकीआडून बघत राहिल्या.

वाळीत टाकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या कपाळावर नमाजाचा डाग आहे. आपल्या भावाशी तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरणं मुसलमानाला हलाल नाही, ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, त्यांना पाठ असणार. कुराणातली सूरह हुजुरात सांगते की मोमिनांचे (श्रद्धावंतांचे) दोन गट भांडले तर त्यांच्यात सुलह (समेट) करा. दोन्ही बाजूंनी 'आम्ही वेगळी मशीद बांधू' अशी भाषा सुरू झाली, तेव्हा एका म्हाताऱ्या हाजींनी सूरह तौबातल्या मस्जिद-ए-जिरारची आठवण दिली. लोकांत फूट पाडायला बांधलेली ती मशीद पैगंबरांनी पाडायला लावली होती. प्रत्येक दुसऱ्या मशिदीला असं म्हणू नये, हे मलाही कळतं. पण आमच्याकडे तरी वेगळ्या मशिदीचं कारण फूट हेच होतं.

शेवटी हाजींनीच तोड काढली. नवरा-बायकोच्या भांडणात दोन्ही घरांतून एकेक पंच नेमावा, असं कुराणात आहे. तीच रीत इथे वापरली. प्रत्येक गटाने गावाबाहेरचा एक माणूस दिला, आणि दोघे मदरशाच्या खोलीत पावतीपुस्तकं आणि बँकेचं पासबुक घेऊन बसले. अस्रचा प्रश्न एका बैठकीत सुटला. हनफी परंपरा ज्यांच्या नावाने चालते त्या इमाम अबू हनीफांचे दोन मोठे शागिर्द, अबू यूसुफ आणि मुहम्मद, एकपट सावलीचीच वेळ मानतात. मौलाना स्वतःच म्हणाले, त्या मतावर मी तुमच्या वेळेला नमाज पढवतो. हे आधी कुणी त्यांना विचारलंच नव्हतं! हिशेबाला मात्र अख्खा पावसाळा लागला. आता तो दर तिमाहीला फळ्यावर लागतो.

कोर्टाची वाट कुणी धरू नये, असं माझं म्हणणं नाही. पण ती वाट कशी आहे, हे आधी बघावं. राज्यातल्या कित्येक मशिदी 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदलेल्या, वक्फ (धर्मासाठी अर्पण केलेल्या) मालमत्तांचं मंडळ आलं 2002 मध्ये, त्यामुळे कागद दोन दारी. वक्फ न्यायाधिकरण छत्रपती संभाजीनगरला. त्यात वक्फ कायद्याच्या 2025 च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या 'उमीद' पोर्टलवर मालमत्ता चढवायला सहा महिन्यांची मुदत आली, तेव्हा जिथे दोन कमिट्या तिथे मुतवल्ली (वक्फचा कारभारी) म्हणून नाव कुणाचं, यावरून नवी जुंपली. वाळीत टाकण्याचं म्हणाल तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात 2016 चा कायदा आहे, तो सगळ्या धर्मांना लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आमच्या कमिटीतल्या एकालाही तो ठाऊक नव्हता. ठाऊक झाल्यावर देगी दुसऱ्या दिवशी घरपोच आल्या.

माझी सूचना जमातींच्या घटनेपुरती, म्हणजे नियमावलीपुरती आहे. वाद झाल्यास पंच कोण, किती दिवसांत बसणार आणि तोवर जुनीच व्यवस्था चालू राहील, एवढं कलम घटनेत घालून घ्यावं. भांडण पेटल्यावर पंचाच्या नावावरही एकमत होत नाही. शिवाय चंदा देणाऱ्या बायकांना सभासद करून घ्यावं. मिनाराच्या पावतीवर माझं नाव आहे, सर्वसाधारण सभेच्या यादीत नाही. अर्ज मी कमिटीकडे दिला आहे. 'महिलांसाठी सभेत बसायची सोय नाही' असं तोंडी उत्तर मिळालं. मदरशाच्या खोलीत तीस माणसं सहज बसतात, आणि ती खोली सभेच्या दिवशी बंद असते. उत्तर लेखी द्यावं, एवढीच कमिटीला या पत्रातून विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, जि. रत्नागिरी
(नाव छापू नये.)